पोळा ते गणपती: सात कार्यक्रम नको, आठवडाभर एकच काम घ्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकत असेल तर सांगा. नागपुरात हुडकेश्वर रोडकडे नवं लेआउट आहे, ऐंशी-नव्वद घरं, आणि पोळ्याच्या जरा आधीपासून गणपती बसेपर्यंतच्या आठवड्यात तुम्ही लोक "नागरिक सप्ताह" करून राहिले आहात. रोज एक कार्यक्रम: स्वच्छता, वृक्षारोपण, रक्तदान, आरोग्य तपासणी, मुलांच्या स्पर्धा, महिलांसाठी काहीतरी आणि शेवटी बक्षीस वितरण. मागच्या वर्षी पहिल्या दिवशी पन्नासेक लोक आले आणि तिसऱ्या दिवसापासून तेच दहा चेहरे. म्हणून विचारताय की लोक टिकवायचे कसे, परवानग्या कोणत्या लागतात आणि वर्गणी किती काढायची.

दक्षिण नागपुरातल्या वस्त्यांमध्ये हे काम मी बरीच वर्षं करत आली आहे, त्यावरून सांगते. लोकांचा उत्साह कमी आहे असं तुम्हाला वाटतंय, मला तसं वाटत नाही. सात वेगळे कार्यक्रम म्हणजे सात वेळा नव्याने बोलावणं, सात वेळा खुर्च्या लावणं, सात वेळा "या ना जी" करत दारोदार फिरणं, आणि एका कार्यक्रमाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, त्यामुळे मंगळवारी जो आला नाही त्याचं बुधवारी काही अडत नाही. आपण गेलो नाही तरी कार्यक्रम होणार आणि ग्रुपवर फोटो येणार हे लोकांना दोन दिवसांत कळतं, मग ते येत नाहीत आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. म्हणून लोक कसे आणायचे हा विचार जरा बाजूला ठेवा आणि कमिटीच्या बैठकीत एवढंच विचारा की आठवडा संपल्यावर लेआउटमध्ये काय बदललेलं दिसलं पाहिजे. एकच काम निवडा, जे व्हायला खरंच आठवडा लागतो आणि जे प्रत्येक घराने हात लावल्याशिवाय होऊच शकत नाही.

पोळ्याच्या दिवसांत नागपुरात माझ्या मते असं एकच काम आहे, ते म्हणजे कूलर.

आता कूलर काहून, ते नीट सांगते. आपल्याकडे घरटी एक तरी कूलर, बऱ्याच घरी दोन-तीन. जूनमध्ये पाऊस आला की बंद होतात, पण खिडकीला बाहेरून टांगलेले असतात, टाकीत थोडं जुनं पाणी, वरून पावसाचं पाणी, बाजूच्या गवती पडद्यांचं, म्हणजे ताट्यांचं, गवत ओलं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत कोणी झाकण उघडून बघत नाही. डेंगूचा एडिस डास गटारात वाढत नाही, त्याला असंच साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं, कूलर, टायर, गच्चीवरची फुटकी बादली, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे. तो दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही, बहुतेक जिथे जन्मला त्याच्या शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे तुमच्या लेआउटमधला डेंगूचा डास हा बहुतेक तुमच्याच लेआउटमधल्या कोणाच्या तरी कूलरमधून आलेला असतो. एका घराने कितीही स्वच्छता ठेवली आणि शेजारच्या बंद घराचा कूलर भरलेला राहिला तर काही उपयोग नाही. कामात प्रत्येक घर लागतं असं मी म्हटलं ते यासाठी.

आणि आठवडा यासाठी की अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आज सगळ्या घरांचं पाणी काढलं आणि सात दिवसांनी परत एकदा बघितलं तर मधली साखळी तुटते. कोरडा दिवस आठवड्यातून एकदा पाळा असं आरोग्य विभागाचे लोक सांगतात ते ह्याच हिशोबाने. फक्त एक गोष्ट लोकांना समजावून सांगावी लागते की पाणी ओतून देणं पुरत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरड्यात महिनोन्महिने टिकतात आणि परत पाणी लागलं की फुटतात. म्हणून टाकी आतून घासायची, घासणीने किंवा नारळाच्या काथ्याने, मग कोरडी करायची, ताट्या काढून ठेवायच्या. हे न केल्याने अर्धे लोक "आम्ही तर केलं बाप्पा, तरी डास आहेत" म्हणतात.

आता तुमच्या आठवड्याचं कॅलेंडर बघू, कारण नागपुरात ह्या दिवसांत सण आधीच भरलेले असतात आणि त्यांच्याशी स्पर्धा करायची काही गरज नाही. अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी पाडव्याला तान्हा पोळा म्हणजे लेकरांचा पोळा, आणि मारबत म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, तृतीयेला हरतालिका, चतुर्थीला गणपती. तिथी मागेपुढे झाली तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पंचांग बघून घ्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. बैलांचे खांदे शेकायचे, हळद-तूप लावायचं आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं. तुमच्या लेआउटमध्ये बैल नसतील, पण निम्मी घरं गावाकडून आलेली असणार आणि ही ओळ त्यांना पाठ असते. मी वस्तीत पहिली फेरी याच संध्याकाळी ठेवते. दोन-दोन जणांच्या जोड्या करायच्या, एक बाई आणि एक कॉलेजातला पोट्टा किंवा पोट्टी, कारण नुसते पुरुष गेले तर दुपारी-संध्याकाळी घरात एकट्या असलेल्या बाया दार पूर्ण उघडत नाहीत आणि आतला कूलर तर दाखवतच नाहीत. जोडीने दहा-बारा घरं घ्यायची, त्यापेक्षा जास्त दिली तर शेवटची घरं उरकली जातात. घरी जाऊन आठवड्याचं आवतण द्यायचं आणि त्याच वेळी विचारायचं, काकू, कूलर बघू का? अळ्या दिसल्या तर त्यांच्याच हातात टॉर्च देऊन त्यांनाच दाखवायच्या. लोकांचं मन बदलतं ते ह्या एका क्षणाला, वळवळणारी अळी स्वतःच्या घरात बघितली की भाषणाची गरज राहत नाही. घरातल्या कोणालाही ओरडायचं नाही, ग्रुपवर नाव टाकायचं नाही, फोटो काढायचा नाही. एका चिठ्ठीवर घर नंबर आणि दोनच रकाने, पाणी होतं की नाही, अळ्या होत्या की नाही. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या या आकड्याला आरोग्य खात्यात हाऊस इंडेक्स म्हणतात, तो तुमचा पहिल्या दिवसाचा आकडा.

पोळ्याच्या दिवशी काहीच ठेवू नका. लोक गावी जातात, जे जात नाहीत त्यांच्या घरी पुरणाचा स्वयंपाक असतो. मागच्या वर्षीचा तुमचा गळतीचा दिवस मला वाटतं हाच असावा, तारखा एकदा ताडून बघा.

पाडवा हा खरा तुमचा दिवस. सकाळी इतवारीकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे म्हणजे पुरुषी पुतळे, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली प्रथा आहे ही आणि अशी मिरवणूक नागपूर सोडून कुठे बघायला मिळत नाही. "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी तुमच्या आठवड्याचं घोषवाक्य व्हायला तयार उभी आहे, वेगळं काही शोधू नका. रोगराई आणि डास-माशा वस्तीबाहेर घालवायचा हा सण आहे, गावाकडे पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या, मेढे लावतात तेही त्याच भावनेने. ज्यांना मिरवणूक बघायला जायचं त्यांनी जा, पण लहान लेकरांना घेऊन इतवारीच्या गर्दीत जायचं असेल तर सकाळी लवकर, आणि गाडी न नेता मेट्रोने, चितार ओळ चौक किंवा अग्रसेन चौक स्टेशनवरून पुढे पायी.

लेआउटमध्ये मात्र पोट्ट्यांकडून स्वतःचा एक बडग्या करून घ्या, डेंगूचा. आदल्या संध्याकाळी कूलरमधून जे जुनं ताट्यांचं गवत निघालं ते वाळवून त्याचाच करा, वर जुन्या वर्तमानपत्राचा चेहरा. सामान फुकट, आणि महत्त्वाचं म्हणजे गवत आणायचं तर कूलर उघडावाच लागतो. टायर, थर्माकोल, प्लास्टिक अजिबात वापरू द्यायचं नाही, कारण शेवटी तो जाळायचा हट्ट पोट्टे करणारच आणि नुसतं गवत-कागद असेल तर मोकळ्या जागेत, पाण्याची बादली जवळ ठेवून, मोठ्या माणसासमोर ते होऊ शकतं. माझी पसंती न जाळता सुक्या कचऱ्याच्या गाडीत देण्याला आहे, पण याबाबत वस्ती-वस्तीत वेगळं मत असतं आणि त्यावरून भांडण करण्यासारखं काही नाही.

त्याच संध्याकाळी तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल सजवून आणतात, स्पर्धा होते, मग घरोघरी बैल घेऊन जातात आणि बोजारा म्हणजे खाऊ किंवा पैसे मिळतात. हे घरोघरी जाणं फार मोलाचं आहे आणि बहुतेक कमिट्या स्टेजच्या नादात ते विसरतात. आमच्या वस्तीत लेकरू दारात आलं की बोजाऱ्यासोबत घरच्यांनी "कूलर घासला" अशी चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची असं ठरवलं. सहा वर्षांच्या लेकराला "अजून नाही केला रे" असं सांगताना मोठी माणसं फार संकोचतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप लावून टाक्या धुताना दिसतात. बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यांत मोठ्या बैलाला देऊ नका, ते मग पैशाचं प्रदर्शन होतं, विकत आणलेले मोठे बैल आणि जरीचे कपडे. घरी सजवलेल्या बैलाला द्या, आणि प्रत्येक लेकराला काही ना काही, वही-पेन्सिल सुद्धा चालते.

द्वितीयेला सकाळी दीड तास श्रमदान ठेवा, त्याहून जास्त नको. रस्ते झाडत बसू नका, ते फोटोपुरतं होतं आणि संध्याकाळपर्यंत परत तसंच. त्याऐवजी कूलरनंतर उरलेल्या जागा, रिकाम्या प्लॉटवरचे टायर, नारळाच्या करवंट्या, बांधकामाच्या टाक्या, सिमेंट रोडच्या कडेला जिथे रोड उंच आणि प्लॉट खाली गेल्याने पाणी तुंबतं त्या जागा. ओतता येत नाही असं पाणी असेल, म्हणजे अर्धवट बांधकामाची टाकी किंवा वापरात नसलेली विहीर, तिथे मनपाच्या मलेरिया-फायलेरिया विभागाला सांगा, ते गप्पी मासे सोडतात. तलावात किंवा नाल्यात मात्र आपल्या मनाने मासे सोडू नका, तिथल्या मूळ माशांना त्याचा त्रास होतो. रिकाम्या प्लॉटचा मालक पुण्यात किंवा बाहेर असतो ही सगळ्या नव्या लेआउटची अडचण आहे, झोन ऑफिसला प्लॉट नंबरसहित लेखी द्या, पोच घ्या. तोंडी तक्रारीचं पुढे काही होत नाही.

हरतालिकेला कार्यक्रम नको. बायांचा उपास असतो, बऱ्याच जणी पाणीसुद्धा घेत नाहीत, रात्री जागरण. या दिवशी रक्तदान किंवा आरोग्य तपासणी ठेवलेली मी बघितली आहे आणि मला ते बघून वाईट वाटतं, कारण ठरवणाऱ्यांत एकही बाई नव्हती हे लगेच कळतं. तुमच्या कमिटीत किती बाया आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, पण निम्म्या असाव्यात, आणि तारखा त्यांनीच ठरवाव्यात. एक गोष्ट मात्र हरतालिकेच्या आधी तयार पाहिजे, निर्माल्याचा ड्रम. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूची गौर आणि पत्री शिरवायला जातात, ड्रम नसला तर ते सगळं नाल्यात किंवा जवळच्या तलावात जातं. लोक अनंत चतुर्दशीला ड्रम ठेवतात, तोपर्यंत उशीर झालेला असतो. वाळू वेगळी, पानं-फुलं वेगळी, पानांचं खत होतं.

गणपतीचं थोडक्यात सांगते. मूर्ती मातीची घ्या, लहान घ्या. जमलं तर मुलांना आधीच एक दिवस महालातल्या चितार ओळीत घेऊन जा, तिथले मूर्तिकार पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात आणि माती कशी मळतात हे डोळ्यांनी बघितलेलं लेकरू घरी येऊन मातीच्याच मूर्तीचा हट्ट धरतं. विसर्जनाला घरीच बादली, नाहीतर मनपाचे कृत्रिम टँक असतात. स्थापनेच्या दिवशी आरतीनंतर पाच मिनिटं माइक न लावता पहिल्या फेरीचा आकडा वाचून दाखवा, कोणत्याही घराचं नाव न घेता. "नव्वद घरांपैकी इतक्या घरांत अळ्या होत्या, रविवारी परत बघायला येणार आहोत." बास.

मग त्या रविवारी दुसरी फेरी, पहिलीनंतर साधारण सात-आठ दिवसांनी, तीच जोडी त्याच घरात. आकडा खाली आलेला असतो, आणि तो खाली आलेला बघायला लोक येतात, हे मी वस्ती-वस्तीत बघितलं आहे. तुम्ही जे विचारलं की लोक शेवटपर्यंत टिकतील का, त्याचं माझ्याकडे असलेलं उत्तर हे आहे, आपल्या घराची चिठ्ठी त्या आकड्यात आहे म्हटल्यावर माणूस विचारतोच.

रक्तदान ह्याच रविवारी ठेवा, आठवड्याच्या मध्ये नको. डेंगूच्या दिवसांत प्लेटलेट्सची मागणी वाढते आणि प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे या काळातलं शिबिर खरंच कामाला येतं. शिवाय विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाची लेकरं आहेत, त्यांना वर्षभर रक्त लागतं. पण नव्वद घरांतून दाते किती निघतील याचा आधी अंदाज घ्या. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, आधीच्या रक्तदानाला पुरुषांना ९० दिवस आणि बायांना १२० दिवस झालेले असावेत, नुकताच ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरला सांगायचं. एवढी चाळणी लावली की इच्छुकांतले बरेच जण गळतात, विशेषतः हिमोग्लोबिनमुळे बाया. म्हणून शेजारची दोन-तीन लेआउट जोडून घ्या. मेडिकल, मेयो किंवा डागा अशा सरकारी रक्तकेंद्राशी निदान तीन आठवडे आधी बोला, त्यांची टीम आणि गाडी मिळणं त्यांच्या बाकीच्या शिबिरांवर अवलंबून असतं. जागा सावलीची, हवेशीर, हात धुवायला पाणी, आणि दात्याने सकाळी पोटभर खाऊन यावं हे आदल्या रात्री प्रत्येकाला फोन करून सांगा, नुसता मेसेज नको. भेटवस्तूचं आमिष दाखवू नका, भेटीसाठी आलेला माणूस आजार लपवतो.

वृक्षारोपण मी तुमच्या यादीतून सरळ काढून टाकीन. माझा झाडांना विरोध नाही, उलट झाडं जगावीत म्हणून म्हणते. ऑगस्टच्या शेवटी लावलेल्या झाडाला पावसाचा जेमतेम महिना-सव्वा महिना मिळतो, मग आपला मे येतो, पंचेचाळीसच्या वर पारा, आणि तेव्हा पाणी घालायला सप्ताहातलं कोणी नसतं. लावायचीच असतील तर पाचच लावा, पाच घरांच्या समोर, त्या-त्या घराने पाण्याची जबाबदारी घेतल्यावर, कडुनिंब, करंज, बहावा अशी आपल्या उन्हाला टिकणारी, विजेच्या तारांखाली मोठी होणारी झाडं नको, आणि ट्री गार्डशिवाय लावूच नका, नाहीतर गाई-बकऱ्या आठवड्यात साफ करतात. पुढच्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला वेगळा दिवस ठेवा.

आता परवानग्या. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे. पहिले तर तुमचं लेआउट मनपा हद्दीत आहे की बाहेर नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीत, हे नक्की करा, त्या भागात हद्द एका रस्त्याने बदलते. मनपात असाल तर झोन कोणता, हनुमाननगर की नेहरूनगर, कारण तुमची सगळी पत्रं झोनलाच जाणार. लेआउटमधली मोकळी जागा नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास), एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), मनपाची की अजून लेआउट टाकणाऱ्याच्या नावावर आहे हेही बघा, मंडप टाकायच्या आधी, नंतर नाही. घरोघरी फिरून कूलर बघायला परवानगी लागत नाही, घरमालकाने हो म्हटलं की झालं, आणि माझ्या सांगण्यातला बहुतेक आठवडा असाच बिनपरवानगीचा आहे.

लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी, आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. दवाखाना, शाळा किंवा कोर्टापासून १०० मीटरच्या आत असाल तर तिथे शांतता क्षेत्र जाहीर झालंय का ते ठाण्यात विचारा. शंभरपेक्षा जास्त माणसं जमणार असतील तर स्थानिक संस्थेला तीन कामाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा ओला-सुका वेगळा करून द्यायचा, हे घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आलं आणि बऱ्याच कमिट्यांना माहीतच नसतं. मंडपाला वीज घ्यायची तर महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या, खांबावर आकडा टाकू नका, पावसाच्या दिवसांत त्याने जीव जातो.

बाकी आठवडा कोणता निवडलाय यावरही सगळं बदलतं. विजयादशमीच्या आसपास दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, तेव्हा वस्तीत काही करण्यापेक्षा तिकडे पाणी-स्वच्छतेच्या सेवेत गेलेलं चांगलं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा पोलीस मोर्चांच्या बंदोबस्तात असतात, परवानग्यांना वेळ लागतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर कोणी बाहेर येत नाही. तुम्ही निवडलेला पोळ्याचा आठवडा मला यात सगळ्यांत चांगला वाटतो, घरं उघडी असतात, पाहुणे असतात, लेकरं उत्साहात असतात.

पैशांचं: मी सांगितलं त्यात टॉर्च, चिठ्ठ्या, दोन निर्माल्याचे ड्रम, लेकरांची बक्षिसं आणि रविवारचा नाश्ता एवढाच खर्च आहे. तर्री-पोहे लेआउटमध्येच करा, चार घरांनी मिळून. वर्गणी शक्यतो काढूच नका, वस्तू मागा, एका घराने पोहे, एकाने तेल, एकाने वह्या. गणपतीसाठी वर्गणी काढणारच असाल आणि तुमची संस्था नोंदलेली नसेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क. पावती प्रत्येकाला, आणि हिशोब रोज रात्री ग्रुपवर, शेवटी एकदम नको. मंडपाचा खर्च एखाद्या इच्छुक उमेदवाराने द्यायची तयारी दाखवली तर मी नाही म्हणते, बॅनर त्याचा लागतो आणि मग वस्तीतली विरोधी पक्षाची तीस घरं कूलर दाखवायचं बंद करतात. बॅनरपेक्षा गेटवर एक फळा ठेवा आणि खडूने रोज लिहा. प्रमुख पाहुणेही बोलावू नका. तुमच्या भागातला सफाई कर्मचारी, आशाताई आणि मलेरिया विभागाचा माणूस यांना रविवारच्या पोह्यांना आग्रहाने बोलवा आणि त्यांच्या बाजूला बसून बोला, वर्षभर फोन त्यांनाच करायचा आहे.

फॉगिंगबद्दलही कोणी ना कोणी बैठकीत विचारेलच, की एवढं फिरण्यापेक्षा धूर मारून घेऊ. फॉगिंगने फक्त त्या वेळी उडत असलेले डास मरतात, कूलरमधल्या अळ्या तशाच राहतात आणि चार दिवसांनी नवीन डास येतात. लेआउटमध्ये डेंगूचा रुग्ण निघाला असेल तर फॉगिंग जरूर करून घ्या, पण ते अळ्या काढण्याच्या सोबत, त्याच्या ऐवजी नाही. आणि कोणाला ताप असेल तर औषधाच्या दुकानातून मनाने ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी गोळी घेऊ नका, डेंगूत रक्तस्राव वाढू शकतो, रक्त तपासा आणि डॉक्टरला दाखवा, हे पहिल्या फेरीत प्रत्येक घरी सांगाच.

चिठ्ठ्या छापताना घरांच्या संख्येपेक्षा वीस-पंचवीस जास्त काढा. नव्या लेआउटमध्ये वरच्या मजल्यावर भाडेकरू असतात, त्यांचा कूलर वेगळा, जिना बाहेरून, आणि कमिटीच्या यादीत त्यांचं नावच नसतं. पहिल्या फेरीला निघायच्या आधी घरमालकांकडून भाडेकरूंची नावं आणि ते कधी घरी असतात हे विचारून ठेवा, बरेच जण विमानतळाजवळच्या मिहान उद्योग क्षेत्रात नोकरीला असतात आणि रात्री साडेआठनंतरच भेटतात.